आप्पांच्या खोलीतले ढेकूण

हसायचं नाही असं आधी कबूल करा, तरच सांगते. आणि मधे बोलायचं नाही. मधे बोलणं हे माझं काम आहे, आणि त्याच कामानं माझी अख्ख्या आळीसमोर कशी शोभा केली, तेच तर सांगायला बसलेय!

तेव्हा मी बी.एस्सी. होऊन नुकतीच बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीत लागले होते. प्रयोगशाळेत. गावोगावचं दूध यायचं, नमुना घ्यायचा, फॅट काढायचं, पाणी घातलंय का ते बघायचं. नमुना तपासल्याशिवाय मी सख्ख्या भावाचं दूधसुद्धा आत घेतलं नसतं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आमच्या निरवांगीतून मुलीनं बाहेर पडायचं, खोली घेऊन राहायचं, म्हणजे केवढा गहजब! आत्यानं तर एक स्थळ पदराला बांधूनच ठेवलं होतं. तात्यांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, हो म्हटलं ते एका अटीवर.

"घरमालकाची एक जरी तक्रार आली ना, तर गपगुमान घरी यायचं. नोकरी न्हाय आन खोली न्हाय. मग आत्या म्हणंल ते..."

"येणारच नाही तक्रार!" मी म्हणाले. अट नीट ऐकून घेण्याइतका वेळ कुणाला होता?

खोली होती आप्पांची. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर जन्म गेलेला माणूस. उसाची गाडी असो की भाडेकरू, आप्पा आधी जोखायचे आणि मग आत सोडायचे. आम्ही तिघी राहायचो. वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेली नंदा, जिला चादरीवरची एक सुरकुती खपायची नाही. इंदापूरची कांता, शिवणक्लासला येणारी, जिला कशातही मजा वाटायची. आणि मी. त्या दोघींनी लोखंडी खाटा आणल्या. मी घरच्या माळ्यावरची बाज काढली. सागवानी पाय, सुतळीची वीण, एकदम भक्कम.

टेंपो निघताना तात्या मागं धावत आले. "आगं, स्टोची पिन घेतली का? आन ती बाज नगं नेऊस, त्या बाजंत..."

"जुनी आहे, दिसतंय मला तात्या! चला हो ड्रायव्हर!"

दोन महिने झकास गेले. मग खाज सुरू झाली.

आता ढेकूण तुम्हीही पाहिले असतील, पण आमचे ढेकूण म्हणजे! पावट्याएवढे. कांतानं त्यांना नावंच ठेवली होती. सगळ्यात फुगलेला तो चेअरमन, बाकीचे संचालक मंडळ. "काल चेअरमन माझ्याकडे दौऱ्यावर होते गं," ती सकाळी दंड दाखवून सांगायची. नंदा मात्र रडकुंडीला आली. पुडीतली पावडर झाली, गोळ्या झाल्या, खाटेच्या पायांखाली रॉकेलच्या वाट्या झाल्या. संचालक मंडळ तसंच!

मी सरळ आप्पांच्या ओट्यावर गेले.

"आप्पा, तुमच्या भिंतीत ढेकूण आहेत."

"माझ्या?" आप्पांनी पेपर खाली केला. "तुमी येण्याआधी त्या खोलीत ढेकूण न्हवता."

"आमच्याआधी कोण राहत होतं ते सांगा."

"कोन न्हाय. खोलीच नवी बांधलीया. तुमी पयल्या."

दुसरी कुणी असती तर इथंच थांबून विचार केला असता. मी म्हणाले, "मग विटांतून आले असतील!"

आतून काकू आल्या. बिचाऱ्या समजुतीनं म्हणाल्या, "पोरी, भांडून काय हुतंय? ती बाज चार दिस उन्हात टाक. सांध्यासांध्यात कढत पाणी वत."

"काकू, मी विज्ञानाची पदवीधर आहे. कढत पाणी मी चहाला वापरते!"

आप्पांनी चष्मा काढला. वजनकाट्यावर खोटा काटा सापडल्यावर काढत असतील तसा. "आसं? मग आईक. येत्या रयवारी मी खोली बघणार. ढेकूण दिसला तर तुझ्या वडलांना निरोप धाडतो, आन खोली खाली करायची. पोरींनीच ढेकूण आनल्यात, हे म्या लिवून देतो."

झालं! निरोप म्हणजे तक्रार. तक्रार म्हणजे निरवांगी. निरवांगी म्हणजे आत्याचा पदर आणि त्याला बांधलेला तो कोण बाबा. पण माझी जीभ थांबते होय?

"रविवारी आळीतल्या सगळ्यांना बोलवा," मी म्हणाले. "एक जरी ढेकूण दिसला तर मी स्वतः सामान उचलते. नाही दिसला तर तुम्ही सगळ्यांसमोर म्हणायचं की चूक तुमच्या भिंतीची होती!"

"आगं बये," कांता मागून कुजबुजली, "तू संचालक मंडळाला विचारलंस का?"

शुक्रवारी सुट्टी टाकून मी निरवांगीला गेले. तात्यांनी दोन वर्षांपूर्वी थोडा ऊस मोडून डाळिंब लावलं होतं, आता त्याला फळ धरलं होतं, आणि त्यासाठी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत औषधांचं एक फडताळच झालं होतं. तिथं मला तो दिसला. पाच लिटरचा पांढरा कॅन. वर तात्यांच्या अक्षरात: 'डाळिंब. पतंगासाठी. हात लावू नये.'

हात लावू नये! म्हणजे काय जालीम असेल! झाकण उघडलं तर आंबट, उग्र वास नाकात शिरला. रंग काळपट तांबडा. पतंगाला मारतं ते ढेकणाला सोडेल होय?

कॅन उचलून मी फाट्याकडे निघाले. लांब डाळिंबाच्या ओळीतून तात्यांनी पाहिलं आणि हात हलवत ओरडले, "आगं ये! त्या क्यानमधी आजून..."

"माहितीये तात्या! तोंडाला रुमाल बांधते! हातमोजे घालते!"

"त्ये न्हाय गं, मी काय म्हणतुय, आजून..."

समोर एसटी आली. मी धावत चढले. मागच्या काचेतून तात्यांचे हात बराच वेळ हलताना दिसत होते. मीही हलवले. किती माया!

शनिवारी दुपारी आम्ही तिघींनी ओल्या ओढण्या तोंडाला बांधल्या, भांडीकुंडी आणि स्टो ओट्यावर काढला आणि हातपंपानं फवारणीला लागलो. पंप सारखा चोंदायचा.

"दाट आहे गं हे," नंदा म्हणाली. "आणि चिकट."

"दाट आहे म्हणजे अस्सल आहे."

"आणि वास जरा... भेळेच्या चटणीसारखा येतोय का?"

"नंदा, विषाच्या वासाची खोलीत बसून चर्चा करायची नसते!"

रोज दुधाचे शेकडो नमुने तपासणारी मी! एक थेंब कागदावर टाकून बघावा? छे. भिंती, कोनाडे, खाटांचे सांधे, गाद्यांच्या शिवणी. बाजेला तर मी अक्षरशः अंघोळ घातली. मग खिडकी घट्ट लावली, दाराला कुलूप ठोकलं आणि रात्रीपुरत्या आम्ही कांताच्या मावशीकडे गेलो. तिथं मी लांबलचक भाषण केलं. विषय: मोठ्या माणसांना नवीन काही जमत नाही, कारण ती ऐकून घेत नाहीत.

रविवारी सकाळी ओट्यापुढं आळी जमली होती. मीच बोलवा म्हटलं होतं ना! आप्पा धुतलेल्या टोपीत, हातात टॉर्च. काकू दारात. मी रुबाबात कुलूप काढलं आणि दार ढकललं.

भिंत हलत होती.

खरं सांगते, हलत होती! काळ्या मुंग्या, तांबड्या मुंग्या, मुंगळे. छतापासून जमिनीपर्यंत. बारामती तालुक्यातल्या मुंग्या होत्याच, पण इंदापूर तालुक्यातूनही आल्या असाव्यात. खिडकीच्या फटीतून गांधीलमाशा ये-जा करत होत्या, जसं काही तिथं पाटीच लावली होती. आणि माशा? माझ्या उशीचा रंग कुठला, तेच कळेना. नंदानं आपली चादर पाहिली आणि खाली बसकण मारली. कांता तोंडात ओढणी कोंबून थरथरत होती. रडून नाही.

"ह्ये काय हाय?" आप्पांनी विचारलं.

आता तुम्ही काय केलं असतं? माफी मागितली असती? मी हनुवटी वर केली. "मुंग्या आहेत. बोलणं ढेकणांचं झालं होतं. ढेकूण शोधा!"

आप्पाही हट्टी. टॉर्च घेऊन आत शिरले. मुंग्या झटकत त्यांनी कोनाडे पाहिले, गाद्या उलथल्या. "आय्या गं! चावली! ...न्हाय, ढेकूण न्हाय." पुन्हा, "आय्या! ...हितंबी न्हाय." आणि मग एकदम विजयी आरोळी: "हा बघ! हा बघ ढेकूण!"

दहा-बारा मुंगळे एक ढेकूण उचलून दाराकडे चालले होते. फुगीर होता. चेअरमनच असावा.

"तो मेलेला आहे!" मी ओरडले.

"पर ढेकूण हाय ना?"

"तो खोलीत राहत नाही! तो खोली सोडून चाललाय!"

आळी खदखदून हसली. आप्पांच्याही मिशीखाली काहीतरी हललं. जिंकत होते मी, शप्पथ! तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली आणि घामाघूम तात्या आत आले.

"आगं, माझा गूळ कुठाय?"

"गूळ?" आळी म्हणाली.

"रातचं पतंग येत्यात डाळिंबावर. त्यांना आमिष म्हणून गूळ आन शिरका भिजवून ठिवला हुता. औषध आजून घालायचंच हुतं त्यात! वरडून सांगत हुतो हिला! गूळ म्हणून लिवलं तर कामावरल्या बाया च्याला नेत्यात, म्हणून हात लावू नये लिवलं..." मग त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं, आणि त्यांना पुढं काही सांगायची गरज उरली नाही.

आप्पा तिथंच पायरीवर बसले आणि पोट धरून हसले. काकू हसल्या. आळी हसली. मुंग्यांना तेवढा वेळ नव्हता.

पण गंमत बघा, हसल्यानं माणूस ढिला पडतो. काकूंनी चहा केला. आप्पा डोळे पुसत तात्यांना म्हणाले, "पोरगी जिद्दीची हाय तुमची. जिवंत ढेकूण काय मला घावला न्हाय. दिला शब्द. माझ्याच भिंतीत आसत्याल. ऱ्हाऊ द्या हितंच."

ऐकलंत? सगळ्यांसमोर! नोकरी राहिली, खोली राहिली, आत्याचा पदर मोकळा! मी विजयानं बशीतला चहा तोंडात घेतला. तोही कढत.

तात्या चहा फुंकत ओट्यावरून आत बघत होते. "ही बाज..." ते म्हणाले.

मला वाक्य तोडायचं होतं. पण तोंडात निखारा! गिळता येईना, थुंकता येईना. मी नुसता हात हलवला.

"बोलू दे गं त्यांना," आप्पा म्हणाले. "एकदा तरी पुरं बोलू दे."

आणि तात्या पुरं बोलले. अगदी सावकाश. "ही बाज नगं नेऊस म्हणून टेंपोच्या मागं पळालो हुतो मी जूनमधी. ढेकणानं भरली हुती, म्हणून तर माळ्यावर टाकलेली. सारं घर खाल्लं हुतं हिनं."

कुणीच हसलं नाही. ते जास्त वाईट होतं.

आप्पांनी बशी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं, बाजेकडे पाहिलं. आयुष्यभर गाड्या जोखलेला माणूस, दोन्हींचं वजन करत राहिला. मग म्हणाले, "बाज भायेर काढा. पोरगी आत ऱ्हाऊ द्या."

पुढचे चार दिवस बाज उन्हात होती, आणि सांध्यासांध्यात कढत पाणी मीच ओतत होते. काकू ओट्यावर बसून कुठं राहिलं ते दाखवत होत्या. खोली धुवायला आठ दिवस लागले.

आता तुम्ही म्हणाल, यातून काय शिकलीस? हे शिकले: एवढ्या वर्षांत एकदाच मोठ्या माणसाचं वाक्य पुरं होऊ दिलं, आणि जिंकलेली लढाई हरले.