घरमालक काय म्हणाला

रत्नागिरीच्या तारऑफिसात मला सहा वर्षे झाली होती, तेव्हा वरून एक पत्रक आले. सत्तावीस-अठ्ठावीस साल असावे. सिमल्याच्याही पलीकडे, डोंगरातल्या एका गावी तारमास्तर हवा होता. बाराही महिने तिथे राहावे लागणार होते, म्हणून कोणी आपण होऊन येत असेल तर त्याने अर्ज करावा, असे लिहिले होते. मी अर्ज केला. सक्ती नव्हती. घरात काही अडचण नव्हती. माझे वय एकोणतीस होते आणि मांडवीच्या धक्क्यावर उभे राहून दुसऱ्यांना आगबोटीने जाताना पाहण्याचा मला कंटाळा आला होता. एवढेच कारण होते. आज ते लिहितानाही अपुरे वाटते.

आमच्याकडे माणूस बाहेर जाणे नवे नव्हते. प्रत्येक घरातला एक तरी मुंबईला होता. पण मुंबईचा माणूस शिमग्याला आणि गणपतीला परत येतो, आणि तिथेही समुद्र असतो. मी बर्फात राहायला जातो आहे हे कोणालाच पटेना. रोज दारावर येणारी मासेवाली पाटी उतरवता उतरवता म्हणाली,

"तकडे मासळी गावते का वो मास्तर?"

"नाही."

"नारळ?"

"नाही."

"मग सरकारनं धाडलान असंल. काय गुन्हा केलाव?"

आई आतून म्हणाली, "धाडलं नाही गो. हाच मागून घेतोय."

 मग मासेवालीने दोन बांगडे जास्तीचे टाकले. "खावा पोटभर, जायच्या आदी," म्हणाली.

सगळे हसले. मी हसलो नाही. पुढे महिनाभर जो भेटेल तो तेच विचारी, आणि मला प्रत्येक प्रश्नात टोमणा ऐकू येई. मी फार मानी होतो. त्या मानीपणाचे पुढे काय झाले, तेच मला सांगायचे आहे.

मी एकुलता एक, म्हणून पत्नीबरोबर आईही आली. आईला लिहिता-वाचता येत नव्हते, पण आमच्या आळीत बाळंतपण म्हटले की तिला बोलावणे येई. बाळंतिणीला न्हाऊ घालणे, मूल चोळणे, शेक देणे, यात तिचा हात धरणारी दुसरी बाई नव्हती. तिने गाठोड्यात आमसुले आणि सुकट घेतली, तसा ओवा, वेखंड आणि बाळंतशोपाही घेतल्या. "लागेल कधीतरी," म्हणाली. पत्नी लाजली.

त्या डोंगरी गावात पोहोचलो, तर तिथेही तोच प्रश्न आमची वाट पाहत होता. घरमालक म्हातारा होता, कमरेत वाकलेला. त्याच्याच घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही राहत होतो. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "बाबूजी, समुंदर छोडके यहाँ?" त्यांच्यातला ज्याला जमेल तो थंडीत खाली उतरायचा. आम्ही खालून वर आलो होतो, आणि तेही खुशीने, हे त्याने शेजाऱ्यांना बोलावून सांगितले. दुकानदार, दूधवाला, पाणी आणणारा, सगळे आम्हाला पाहायला येत. आईला हिंदी येत नव्हती. बाहेरच्या जगाचे जे काही तिच्याकडे जाई ते माझ्या तोंडून. कोणी काही बोलले की ती विचारी, "काय म्हणतोय रे?"

दुसऱ्या वर्षी पत्नीला दिवस गेले. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, पण तिला आई नव्हती. आणि माझी आई असताना काळजी कसली, असे आम्हा सगळ्यांनाच वाटले. थंडी सुरू झाली तशी मी बाळंतिणीच्या खोलीची तयारी केली. खिडकीच्या फटींतून वारा यायचा. पत्नीने पिठाची खळ करून दिली आणि मी जुन्या वर्तमानपत्रांच्या पट्ट्या सगळ्या फटींवर चिकटवल्या. लाकडी छत, वर पत्रा. खोली डबीसारखी बंद झाली. मला मोठे समाधान वाटले.

त्याच आठवड्यात शेगडीसाठी कोळशाचे पोते आले. ते पाहून घरमालक जिना चढून वर आला. धापा टाकत दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "बाबूजी, अंगीठी जलाओ तो खिडकी थोडी खुली रखना. नीचेवाले लोग ये नहीं जानते."

खालचे लोक. मला तेवढेच ऐकू आले. मी "हाँ, हाँ" म्हटले आणि तो गेला.

आईने चुलीपुढून विचारले, "काय म्हणतोय रे?"

"काही नाही. आपण इथे का आलो, तेच विचारतोय."

"मग त्याचं काय चुकलं?" आई म्हणाली आणि तिने भाकरी उलटली.

माझा धंदा निरोप पोहोचवण्याचा. परक्यांचे निरोप मी एक अक्षर न गाळता पोहोचवत असे.

आमच्या कोकणातल्या घरात खोलीचे दार लावले तरी खोली बंद होत नाही, हे तिकडे कोणाला माहीत नसेल. आमच्या भिंती आढ्यापर्यंत जात नाहीत. वर मोकळे असते, आणि धूर कौलांतून आपोआप जातो. आईने तीस वर्षे बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून, दार लावून बाळंतिणींना शेक दिला होता. शेगडीने कोणाचे वाईट झाल्याचे तिने ऐकले नव्हते. बंद खोलीत जळत्या कोळशाने हवा विषारी होते, हे तिला कळायला एकच वाट होती, आणि ती मी होतो.

मुलगी झाली. नवव्या दिवशी सकाळी आईने दोघींना न्हाऊ घातले, शेगडी बाजेखाली सरकवली, दार ओढून घेतले आणि ती धुणे धुवायला खाली गेली. मी ऑफिसात होतो. जेवायला घरी आलो तेव्हा आई नुकतीच दार उघडून आत गेली होती. ती मला हाक मारत होती, पण काय झाले ते तिला सांगता येत नव्हते. मी पत्नीला ओढून बाहेर आणले. तिला ओकारी झाली, मग ती कण्हली. मुलगी आईच्या हातात होती. तिचे गाल लाल होते, झोपेतल्यासारखे. ती गेली होती.

घरमालक आला. त्याने काही न विचारता खिडकीवरचे कागद नखांनी टराटरा फाडले आणि खिडकी उघडली. मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाला, "मैंने बोला था ना, बाबूजी."

आईने मुलीला छातीशी धरून विचारले, "काय म्हणतोय रे तो?"

मी म्हटले, "कागद पुरले नाहीत, थंडीनं गेली, म्हणतोय."

याचे मला काहीही समर्थन करता येत नाही. पहिल्या वेळी मी अहंकाराने गप्प राहिलो, असे म्हणता येईल. या वेळी मला सगळे समजले होते.

आई म्हणाली, "म्हणजे शेक कमी पडला." 

त्या उन्हाळ्यात मी बदली मागून घेतली आणि आम्ही रत्नागिरीला परत आलो. आळीतल्या बाया भेटायला आल्या. कोणी काही विचारले नाही, आणि ते जास्त जड गेले. नंतर आम्हाला मूल झाले नाही. आईला बाळंतपणाची बोलावणी येत राहिली, पण ती जाईना. "माझ्या हातात ऊब राहिली नाही," एवढेच सांगे. मी ते ओटीवर बसून ऐकत असे. एकदा नाही, सात वर्षे ऐकले.

मग एका दुपारी शेजारची बाई आली. तिची मुलगी अडली होती, सुईण मालगुंडला गेलेली होती. ती आईचे पाय धरायला वाकली. आईने तिला वर उठवले आणि म्हणाली, "बायो, दुसरी कोणी बघ. मी माझं स्वतःचं नातवंड गारठवून मारलंय."

शेजारीण रडत गेली. मी आईला सगळे सांगितले. उभ्या उभ्याच सांगितले. बसण्याइतका धीर नव्हता.

आई म्हणाली, "तो म्हातारा काय म्हणाला होता? त्याचे शब्द सांग. तुझे नकोत."

मी सांगितले. तिला मराठीतून सांगितले, दोन्ही वेळचे.

ती स्वतःच्या हातांकडे बघत बसली. मला वाटले रडेल, किंवा मला काही बोलेल. तिने विचारले, "सुनेला ठाऊक आहे?"

"नाही."

"मग तिला सांग. मी सांगणार नाही. ते तुझं काम आहे."

मला आशा वाटत होती की ती आता उठेल आणि शेजारी जाईल. ती उठली, पण आत गेली आणि पडून राहिली. शेजारणीची मुलगी सुटली, मूलही वाचले. आई बघायलाही गेली नाही. सात वर्षांत मोडलेले माझ्या चार वाक्यांनी जुळणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी पत्नीला सांगितले. ती तांदूळ निवडत होती. ऐकून घेऊन ती फक्त म्हणाली, "खळ मी केली होती." मी म्हटले, तुझा त्यात काय दोष. तिने सूप मांडीवरून उतरवले नाही, आणि तांदूळ निवडलेही नाहीत.

आई त्यानंतर तीन वर्षे जगली. माझ्याशी वाईट वागली नाही; जेवायला वाढी, बरे नसले की कपाळाला हात लावी. पण राजापूरहून तिच्या भावाचे पत्र आले की ते पूर्वीसारखे माझ्याकडे येत नसे. पत्नी चार इयत्ता शिकली होती. आई पत्र तिच्या हातात देई आणि म्हणे, "वाच गो, सावकाश वाच." पत्नी अडखळत, एकेक अक्षर लावत वाची. मी तिथेच बसलेला असे. एखाद्या शब्दापाशी ती फार वेळ अडली तरी दोघींपैकी कोणी माझ्याकडे पाहत नसे, आणि मीही तो शब्द सांगत नसे.