विलायती रायफलीतलं कुंकू

ती केस आजही मनातून जात नाही. मी तेव्हा बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. खबऱ्याचा फोन आला, "साहेब, दुपारी पांढऱ्या जीपमधनं विलायती शिकारी रायफल निपाणीकडं चाललीय. कागद न्हाईत."

नाक्यावर जीप अडवली. सीटखाली रायफल होती. नळीवर परदेशी कंपनीचा शिक्का. गोव्यात एका अनोळखी माणसाकडून घेतली, असं जीपमधला दलाल पढवल्यासारखं सांगत होता. तस्करांची टोळी हाती लागली म्हणून वरिष्ठ खूश.

मला घाई मानवत नाही. पंचनाम्यासाठी नंबर शोधताना नळी लाकडी दस्त्यातून सोडवली. आत तांबडा डाग होता. "गंज असंल," हवालदार म्हणाला. मी बोट फिरवलं. कुंकू! खंडेनवमीला आम्हीही ठाण्यातल्या बंदुकांना कुंकू लावतो, पण वरून. दस्ता बसवण्याआधी आत बोट टेकवणार तो घडवणाराच. आता सातासमुद्रापलीकडच्या कारखान्यात कुंकू कोण लावतं, हे मला कुणी सांगावं.

बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या पुढे एका वस्तीवर बंदूक दुरुस्तीचा परवाना असलेले एकच वृद्ध कारागीर उरले होते. सगळे त्यांना आप्पा म्हणत. त्यांच्या वडिलांच्या काळी पिकाच्या राखणीच्या बंदुका त्यांच्याच कारखान्यातून गावोगाव जात. पुढे हौशी लोकांना बाहेरचा माल गोड लागू लागला, देशी कारखाने एकेक करून बंद पडले, आणि आप्पा कुलपं दुरुस्त करू लागले.

मी त्यांना बोलावून घेतलं. ठाण्यात दीड तास ते "मला ठावं न्हाय" एवढंच म्हणत राहिले. मी आवाज चढवला नाही. रायफल टेबलावर ठेवली आणि हवालदाराला सांगितलं, "विलायती म्हणून लिहा. असलं काम आपल्याकडच्या माणसाला जमतंय होय?"

आप्पांनी मान वर केली. "तसं लिहू नका साहेब. ती माझ्या हातची हाय."

"आप्पा, कबूल केलंत तर आत जाल."

"जातो की. देशी म्हटलं की कोण घेईना झालतं. दलाल म्हणाला, शिक्का मारला की लोक हात जोडून घेत्यात. मारू दिला. तवापास्नं जेवण गोड लागंना."

दलालाच्या घरातून खोटे शिक्के मिळाले. टोळी नव्हतीच. गुन्हा मात्र होता, आणि आप्पांना अटक मीच केली. त्यात कसूर केली नाही. पण एक चापटही न मारता खरं बाहेर काढलं, याचा मला अभिमान आहे, आणि आपल्या भागात असा हात होता याचा त्याहून जास्त. भीती दाखवली की माणूस तोंड मिटून घेतो. त्याच्या कामाला कमी लेखलं की गप्प बसवत नाही, हे मी तिथे शिकलो.

जबाब सरकारी रिवाजाप्रमाणे कन्नडमध्ये लिहिलेला होता. मी तो आप्पांना मराठीत सांगितला. 'ही रायफल मी स्वतः घडवली' हे वाक्य आप्पांनी पुन्हा एकदा सांगायला लावलं आणि सावकाश पूर्ण नावाची सही केली. उमेदीची वर्षं बंदुका घडवण्यात घातलेल्या त्या माणसाचं नाव आपल्या कामाखाली पहिल्यांदा लागलं, ते आमच्या ठाण्यात.