कराराची सोयरीक

आपल्याच घरी पाहुणा होऊन जायची पाळी कोणावर येऊ नये. माझ्यावर आली. मंडळाच्या अध्यक्षांच्या मागोमाग मी अंगणात चप्पल काढली, तर आई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि सगळ्यांच्या आधी मलाच म्हणाली, "तू बी चहा घेशीन का यायच्यासंगं?" मी मंडळाचा सचिव. अशा वेळी सचिवाने काय म्हणायचं असतं, मला काय ठाऊक! "घेईन," म्हणालो आणि अध्यक्षांच्या शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो. समोर खाटेवर बाबा. ज्या पोरीसाठी ही बैठक होती ती, म्हणजे माझी धाकटी बहीण, आत चहा गाळत होती.

सचिव होण्याची माझी लायकी एवढीच, की माझं अक्षर चांगलं. बाकी मी कृषी केंद्रात फवारणीची औषधं विकतो आणि बसल्या जागी पाय हलवतो. पाय हलवणाऱ्याच्या घरात लक्ष्मी टिकत नाही असं आई म्हणते. त्या दिवशी मी दोन्ही पाय हलवत होतो.

आमचं गाव सोनाळ्याच्या अलीकडे, संत्र्याच्या बागांमधलं. गावाला पाणी कमी-जास्त मिळतं, पण कबड्डी भरपूर आहे. आमच्या मंडळाचा मुलींचा संघ अलीकडचा, आणि त्यातली आमची बहीण म्हणजे चढाईला निघाली की समोरच्या पोरी आधीच मागे सरकतात. एकोणीस वर्षांची आहे, अंगाने काटकुळी. लहानपणी हिला वारा उडवून नेईल असं वाटायचं. आता ती मध्यरेषा ओलांडून गेली की लोकच श्वास धरून बसतात. यंदा जिल्ह्यात मुलींची लीग सुरू व्हायची होती. एक कापसाच्या जिनिंगचे शेठ आमच्या संघाचा खर्च उचलायला तयार झाले, पण त्यांचं म्हणणं होतं की ही पोरगी तीन हंगाम आमच्याच संघात राहील असं स्टॅम्प पेपरवर लिहून द्या. मधे दुसऱ्या कोणत्याही संघाकडे जायचं नाही. तिच्याशिवाय आमचा संघ म्हणजे मिठाशिवाय वरण, हे शेठलाही कळत होतं.

आणि इथेच घोडं अडलं होतं. बहीण नागपूरला एका सरकारी खात्याच्या संघाची चाचणी देऊन आली होती. निवड झाली तर नोकरी, खेळ, सगळंच. तिथल्या प्रशिक्षकांनी "बोलावू" एवढंच सांगितलं होतं. कधी, ते नाही. माझ्या मोटरसायकलवर मागे बसून तिने मला सांगितलं होतं, "दादा, मी गावाकडूनच खेळतो. पण बोलावनं आलं तं मले जाऊ द्यायचं. हे लिवा. मंग तीन काय, पाच वर्सावर सही करतो." (आमच्याकडे पोरीही 'करतो', 'जातो' म्हणतात, पुण्याच्या पाहुण्यांना हसू येतं.) मी म्हणालो, पाहू. सचिव झाल्यापासून मला 'पाहू' म्हणायची खोड लागली होती.

आता आमच्या गावात करार हा प्रकार कोणी केलेला नव्हता. दोन पक्ष समोरासमोर बसून पोरीबद्दल बोलतात अशी एकच गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, ती म्हणजे सोयरीक. म्हणून अध्यक्षांनी सोबत दोन बुजुर्ग आणले होते. निम्म्या तालुक्याची लग्नं यांनी जुळवलेली. त्यातल्या एकाने पाणी पिऊन खाकरून सुरुवातच केली, "पोरगी किती शिकली म्हन्ता?"

"बीएच्या दुसऱ्या वर्साले हाये," बाबा म्हणाले.

"सैपाक?"

मी म्हणालो, "काकाजी, कबड्डीचं बोलून राह्यलो आपण."

"हाव, हाव. सवय लागली बापा," बुजुर्ग म्हणाले, पण त्यांची गाडी काही रुळावर आली नाही. खरं तर कोणाचीच आली नाही. बाबांकडे पाहून मला घाम फुटला. बाबा पोरीचे बाप म्हणून बसले होते. म्हणजे पाय जवळ घेतलेले, हात जुळलेले, मान खाली. "आमची पोरगी साधी हाये. तुमच्या घरी, म्हंजे तुमच्या मंडळात, सांभाळून घ्या," असं म्हणाले. अहो, सांभाळून काय घ्या! गरज त्यांना होती. हिच्यावाचून शेठ मागे फिरणार होता, जर्सी फिरणार होती, लीग फिरणार होती. नाक त्यांचं आपल्या हातात होतं आणि बाबा आपलंच नाक त्यांच्या हातात देत होते. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण मी बसलो होतो अध्यक्षांच्या बाजूने, वरपक्षाच्या खुर्चीत.

तेवढ्यात बहीण चहाचा ट्रे घेऊन आली. ट्रॅकसूटमध्ये. बुजुर्ग तिला म्हणाले, "बस, बाई." ती म्हणाली, "सरावाची वेळ झाली," आणि ट्रे ठेवून मैदानाकडे निघून गेली. जाताना माझ्याकडे एकदा पाहिलं. सांग यांना, असं ते पाहणं होतं.

मी सांगितलं. बहिणीची एक अट आहे, असं म्हणून सगळं सांगितलं. अध्यक्ष कपाळावर आठ्या घालून ऐकत होते. वाईट माणूस नाही. स्वतःच्या बागेतलं पाणी पाइपने आणून मैदान भिजवणारा माणूस. पण ते म्हणाले, "हे शेठले कसं सांगू बे? तीन वर्स म्हंजे तीन वर्स. मधीच पोरगी गेली तं संघ कोनाच्या भरोशावर?" बाबांची रीत अशी की पहिल्या बैठकीत पोरीच्या बापाने हो पण म्हणायचं नाही आणि नाही पण. "इचार करून सांगतो" म्हणायचं. तसं म्हणायला त्यांनी तोंड उघडलंही होतं.

आणि आई साखरेची वाटी घेऊन बाहेर आली.

एकेकाच्या हातावर तिने चिमूट चिमूट साखर ठेवली. बुजुर्गांनी ती तोंडात टाकली, एकमेकांकडे पाहिलं, आणि "चाला, तोंड गोड झालं" म्हणून उठलेच. आमच्याकडे बैठकीत पोरीच्या घरची साखर हातावर पडली की बोलणी संपली. त्यावर पुन्हा शब्द काढायचा नसतो. अध्यक्षांनी बाबांना मिठी मारली. बाबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. उघडलेलं तोंड त्यांनी तसंच मिटलं. मी हातातली साखर धरून उभा. खावी तर मंडळाचा, टाकावी तर घरचा. शेवटी रुमालात बांधली, आणि नंतर त्याला मुंग्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात फ्लेक्स लागला. बहिणीचा ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावलेला, खाली शेठचा त्याहून मोठा, आणि 'तीन वर्षांच्या कराराबद्दल हार्दिक अभिनंदन'. सही झालेली नव्हती. स्टॅम्प पेपर अजून कोराच होता. पण गावाच्या लेखी साखर खाल्ली, म्हणजे झालं.

आदल्या रात्री घरात कोणी तिला काही सांगितलंच नव्हतं. फ्लेक्स पाहून बहीण घरी आली ती दारातूनच विचारत. "कोनं देल्ली साखर?"

"मी," आई म्हणाली. ती चुलीकडे तोंड करून बसली होती. "घरी आलेल्या मानसाले तसंच जाऊ देता येते का?"

"बाबा, तुमी काऊन नाई बोलले?"

बाबा म्हणाले, "साखर गेल्यावर काय बोलू? शब्द गेला."

"कोनाचा शब्द? माहा तं नाई गेला."

ती भांडली नाही. मला वाटलं होतं भांडेल. दुसऱ्या दिवशी सरावाच्या वेळी ती मैदानावर गेली नाही, एवढंच. अंगणात बसून तूर निवडत राहिली. त्याच्या पुढच्या दिवशीही. मैदानावरच्या पोरी येऊन फाटकातून डोकावून जायच्या. मला दुकानात कोणीही भेटलं की पहिला प्रश्न तोच. फवारणीचं औषध मागायला आलेले लोक कबड्डीचं विचारून औषध न घेताच जायचे. शेठचा फोन अध्यक्षांना, अध्यक्षांचा मला, आणि मी घरी आलो की बहीण तूर निवडतेय. मला जेवण जाईना. एकदा रागाच्या भरात मी आईला म्हणालो, "तुह्या एका चिमटीनं सारं गाव लावलं कामाले." आई चुलीत लाकूड सारत राहिली.

शेवटी अध्यक्ष पुन्हा आले, तेच दोन बुजुर्ग घेऊन. या खेपेला बहीण आत नव्हती. तिने बाबांच्या खाटेशेजारी खुर्ची मांडली आणि बसली. बुजुर्ग जरा चपापले. वधूने बैठकीत बसायचं कुठल्या शास्त्रात आहे? त्यातले एक म्हणाले, "बाई, तुह्या घरची साखर खाल्ली आमी. आता असं करू नये."

बहीण म्हणाली, "मंग ज्यायनं साखर खाल्ली त्यायनं चढाई करा. मी नाई खाल्ली."

बुजुर्गांनी अध्यक्षांकडे पाहिलं. मग अध्यक्ष हसायला लागले. हसता हसता त्यांचं पोट हलायला लागलं. "मले मोजू नका बापा. मले तं शुगर हाये. मी ते साखर खिशात टाकली होती." बुजुर्गही हसले. बाबासुद्धा, पण खाली पाहून.

हसून झाल्यावर अध्यक्षांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. तोवर सगळे बाबांकडे पाहून बोलत होते. "तू सांग. काय पाह्यजे तुले?"

आणि जी पोरगी सात जणींच्या गराड्यात एकटी जाते, तिचं तोंडच उघडेना. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मला वाटलं आता रडते ही. मी काहीतरी बोलायला पुढे झालो, तर बाबांनी हाताने मला थांबवलं. मग ती बोलली, हळू, पण एकेक शब्द मोकळा. "मी इथंच खेळतो. सराव चुकवनार नाई. दुसऱ्या गावच्या संघात जानार नाई. पन नागपूरचं बोलावनं आलं तं जाईन. फायनलच्या आदल्या दिवशी आलं तरी जाईन. तवा कोनी मले गावाचा शब्द सांगायचा नाई."

"फायनलच्या आदल्या दिवशी बी?" अध्यक्ष म्हणाले.

"हाव."

अध्यक्षांनी कान खाजवला. अंगणाबाहेरच्या त्यांच्या गाडीकडे पाहिलं, जणू शेठ तिच्यात बसलाय. मग मला म्हणाले, "सचिव, लिवा. शेठले मी पाहून घेतो." मी लिहिलं. माझं अक्षर त्या दिवशी काही चांगलं आलं नाही. 'निवड झाल्यास मंडळ खेळाडूस अडवणार नाही' हे मी दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं. बहिणीने सही केली, अध्यक्षांनी केली. उठताना बाबा आईकडे वळून म्हणाले, "आता साखर नको आनू वं." पुन्हा सगळे हसले. आई हसली नाही. चहाचे कप उचलून आत गेली.

संध्याकाळी बहीण मैदानावर गेली. मला इतकं हलकं वाटत होतं की मी आईजवळ चुलीशी जाऊन बसलो आणि तिची मस्करी करायला लागलो. "माय, तुले तवा साखर सुचली कशी? उगा सगळा घोळ केला."

"घोळ कायचा?" आई भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत. "मी इचार करूनच आनली होती."

मला आधी कळलंच नाही.

"तीन वर्स तरी घरी राह्यली असती," ती म्हणाली. "लगन होऊन गेली तं निदान ठाऊक असते, अमक्या महिन्यात जानार हाये. हे बोलावनं कवा येईन, काई नेम हाये का? मले वाटलं साखर खाल्ली का बोलनं मिटलं."

"मंग आज काऊन नाई अडवलं?"

आईने भाकरी तव्यावर टाकली. "आज ते बोलून राह्यली होती. तिले येवढं बोलताना मी कधी पाह्यलंच नव्हतं."

मी तिच्यावर रागावायला हवं होतं. आलाच नाही राग. मी धुराचं निमित्त करून बाहेर आलो.

लीग सुरू आहे. आम्ही जिंकतोय. बोलावणं अजून आलेलं नाही. बहीण मैदानावर जाताना मोबाइल घरीच चार्जिंगला लावून जाते. तो वाजला की आई सगळ्यांच्या आधी उठते, हात लुगड्याला पुसते आणि उचलते. "हाव, तिची आईच बोलून राह्यली," म्हणते आणि ऐकत उभी राहते. बोलावणं आलं तर आई तिला सांगेल. नक्की सांगेल. तरी तो फोन वाजला की मी हातातलं काम टाकून दारात येऊन उभा राहतो.