सहाव्या बाजूपुढचं ‘ठीक’

प्रयोगशाळेत त्यांना सगळे पट्टीकाका म्हणत. उपग्रहावर जाणाऱ्या यंत्राची पॅनेलं काळ्या पट्टीत गुंडाळायची, बाहेरचा उजेड आत शिरू द्यायचा नाही, एवढंच त्यांचं काम. एवढंच म्हणणं सोपं आहे. तीस वर्षं डोळ्यांत तेल घालून करून दाखवा, मग बोलू.

सूर्यावर मोठा भडका उडाला की न्यूट्रॉन सुटतात. बिचाऱ्यांचं आयुष्य बेताचं, बरेचसे वाटेतच संपतात. उरलेले टिपण्यासाठी यंत्राच्या सहाही बाजूंना एकेक पॅनेल पहाऱ्याला होतं. विद्युतभार असलेला कण शिरला की पॅनेल लुकलुकतं आणि यंत्र ती नोंद फेकून देतं. न्यूट्रॉनवर भार नाही, तो पॅनेल न लुकलुकवता गुपचूप आत येतो, म्हणून त्याचीच नोंद उरते. प्रकल्पाच्या प्रमुख बाईंनी त्याच्या पायी अठरा वर्षं घातली होती.

अवकाशात पोचून यंत्र सूर्याकडे वळलं त्याच आठवड्यात जबरदस्त भडका उडाला. हाती आलं शून्य. सूर्याकडच्या पॅनेलमध्ये ऊन झिरपत होतं, ते सारखं लुकलुकत होतं आणि यंत्र इमानेइतबारे सगळं फेकून देत होतं. अठरा वर्षांच्या मेहनतीवर पाणी पडलं. चौकशी समिती बसली. काकांना अन्न गोड लागेना.

बाईंनी त्यांना खोलीत बोलावलं. “काका, काळजी सोडा. मी समितीला पत्र दिलंय. तुमच्या वहीत सहाही बाजूंपुढे ‘ठीक’ आहे. पट्टीकाका ठीक म्हणाले म्हणजे ठीक! उड्डाणाच्या हादऱ्यानं फाटली असणार पट्टी.”

काका गप्प बसले असते तर निभावलं असतं. मी तर गप्पच बसलो असतो.

“बाई, पाच बाजू अंधारखोलीत विजेरी लावून तपासल्या. सहावी, सूर्याकडची, नाही,” ते म्हणाले. “दवाखान्यातून फोन आला, हिचा रिपोर्ट वाईट आहे म्हणून. ‘ठीक’ लिहिलं आणि पळालो. दुसऱ्या दिवशी आलो तर यंत्र पेटीत बंद झालेलं.”

“तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“वाटलं, माझा हात आहे, चुकणार नाही.”

बाईंनी विचारलं, “किती वेळ लागला असता हो?”

“दहा मिनिटं.”

बाईंनी फोन उचलला आणि समितीला सांगितलं, “माझं पत्र मी मागे घेते.” काका “येतो” म्हणाले. बाईंनी मान वर केली नाही.