पायरीगणिक एक घास

कोल्हापुरातून निघताना गाडीत बसल्या बसल्या सासूबाईंनी जाहीर केलं, "खिद्रापूर आन् बाहुबली, दोन्हीकडचं दर्शन झाल्याबिगर अन्न न्हाय." त्या जैन. सूर्य मावळला की पाण्याचा थेंबही घेत नाहीत. पुण्यात मी आणि बायको ऑफिसातून येतो तेच अंधार पडल्यावर, म्हणून त्या आमच्याकडे कधी मुक्कामाला आल्या नाहीत. आज त्यांना वेळेत जेवू घालायचंच, असा मी चंग बांधला.

खिद्रापूरला कोपेश्वराचे दगडी हत्ती पाहिले. मंडपाच्या छताला मधोमध मोठं गोल भोक आहे, त्यातून थेट आभाळ दिसतं. जवळच आदिनाथाचं नक्षीदार जैन मंदिर. तिथे सासूबाई इतका वेळ हात जोडून उभ्या राहिल्या, की मी बाहेर जाऊन दोनदा उसाचा रस पिऊन आलो. लाज वाटली, पण रस फक्कड होता.

पुढे गाडी पंक्चर झाली आणि स्टेपनीतही हवा नव्हती. पंक्चरवाला चहा पाजल्याशिवाय टायरला हात लावेना. "पावणं, बसा की! गाडी काय पळून जातीया व्हय?" गाडी नव्हे, सूर्य पळत होता.

बाहुबलीला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. दारावर पाटी होती, चामड्याच्या वस्तू बाहेर ठेवा. पट्टा गाडीत टाकला आणि एका हाताने पँट धरून आत गेलो. ज्याने सगळंच सोडलं, त्या बाहुबलीच्या भव्य मूर्तीपुढे मी पँट घट्ट धरून उभा होतो.

धावतपळत भोजनशाळा गाठली. ताट वाढून झालं आणि समोरच्या झाडांआड सूर्य गेला.

"दिस बुडाला, आजी," आचारी हळहळला. सासूबाईंनी हात मागे घेतला. मला अगदी रडू यायचं बाकी होतं.

तेवढ्यात डोंगरावरची देवळं बघून उतरलेले एक आजोबा म्हणाले, "कुठं बुडालाय? वर हाय की अजून!"

"खाली बुडाला म्हंजी बुडाला," आचारी म्हणाला.

"दिसतोय तवर हाय," सासूबाईंनी निकाल दिला. "जावईबापू, ताट घ्या."

पायऱ्या चढत जिथे ऊन सापडलं तिथे त्या बसल्या. दोन घास झाले, सावली आली. "उठा." आणखी वर, आणखी दोन घास. माझ्या एका हातात ताट, ताटात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात पँट. उतरणारे लोक थांबून ओरडत होते, "आजी, आनी चार पायऱ्या, ऊन हाय!" कुणी म्हणे, "भात ऱ्हाऊ दे, आदी भाकरी संपवा!"

भाकरी संपली. सूर्याची नुसती कड उरली. "पाणी!" सासूबाई म्हणाल्या.

तांब्या द्यायला दुसरा हात हवा होता. मी पँट सोडली.

त्या सूर्याकडे बघत गटागटा पाणी प्यायल्या. मला उरलेल्या सगळ्या डोंगराने पाहिलं.

परतताना हातकणंगले मागे पडलं. सासूबाई म्हणाल्या, "तुमच्या बिल्डिंगीला मजलं किती?"

"अकरा."

"गच्चीवर जाऊ देत्यात न्हवं?"

"देतात की!"

"मग येतो आठ दिस. तुमी तेवढं ऑफिसातनं लवकर या."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण जावई म्हणून पास झालो तो त्या पायऱ्यांवर. पुण्याला आल्या आल्या मी गच्चीची किल्ली मागून घेतली आणि एक कापडी पट्टा विकत आणला.