एलरे सेलेस्टिनला फोन आला नाही

एलरे सेलेस्टिन हा सरकारी पेन्सिलसुद्धा खिशात घालून घरी न आणणारा माणूस होता. लोअर नाइन्थमध्ये, आमच्या या काळ्यांच्या वस्तीत, अशी माणसं थोडी होती असं नाही, पण एलरेचा नियमाचा सोस जरा जास्तच होता. शाळेची पिवळी बस तो वीसेक वर्षं चालवत होता, आणि एवढ्या वर्षांत तिच्यात बसून तो कधी स्वतःच्या घराच्या कोपऱ्यापर्यंतही आला नाही. पहाटे सगळ्यांच्या आधी डेपोत पोचायचा, म्हणून साहेबांनी फाटकाची किल्ली त्याच्याकडेच ठेवली होती. ती किल्ली आणि बसची किल्ली तो एकाच साखळीत ओवून पट्ट्याला लावायचा, आणि त्या किल्ल्या नुसत्या वाजल्या तरी ताठ होऊन चालायचा.

समोरच्या हॉलिस न्हाव्याला हे आयतंच मिळालेलं. दुकानाच्या पायरीवर बसून तो चार लोकांत विचारायचा, "काय एलरे, शिंक आली तर आधी ऑफिसला फोन करतोस म्हणे? परवानगी मिळेपर्यंत नाक धरून बसतोस का?"

एलरे हसून सोडून द्यायचा. जुनी माणसं मात्र हसायची नाहीत, कारण त्यांना क्लोव्हिस आठवायचा.

क्लोव्हिस हा एलरेचा थोरला भाऊ. पासष्ट साली बेट्सी वादळ आलं, तेव्हा तो बर्फाच्या कारखान्यात ट्रक चालवत होता. बांध फुटला. आमच्याकडे आजही निम्मी माणसं फुटला म्हणत नाहीत, फोडला म्हणतात, गोऱ्यांची घरं कोरडी राहावीत म्हणून. फुटला असो की फोडला असो, पाणी आमच्याच अंगणात आलं. क्लोव्हिसने कुणाला न विचारता मालकाचा ट्रक काढला आणि रात्रभर माणसं भरभरून उंचावरच्या शाळेत नेऊन टाकली. शेजारच्या मिस ओडील त्यातल्याच, तान्ही लेक ग्वेंडोलिन छातीशी धरून बर्फाच्या पेट्यांवर बसल्या होत्या. पाणी उतरल्यावर मालकाने चोरीची तक्रार केली. न्यायाधीशाने एकच विचारलं, परवानगी घेतली होतीस का? क्लोव्हिस म्हणाला, पाणी गळ्याशी आलं होतं. ते काही उत्तर धरलं गेलं नाही. तुरुंगाच्या शेतावर कापूस वेचून तो परत आला तो खोकला घेऊन, आणि चाळिशी गाठायच्या आत गेला. ज्यांना त्याने पाण्यातून काढलं त्यांतला एकही कोर्टात बोलला नाही. बोलायला आम्हाला विचारलं कुणी होतं?

आईने एलरेला तेव्हाच समोर बसवून सांगितलं, "त्यांच्या वस्तूला हात लावायचा नाही. जीव जात असला तरी आधी विचारायचं." एलरे तेव्हा तेरा वर्षांचा होता. त्याने कानाला खडा लावला.

बेट्सीनंतर चाळीस वर्षांनी, ऑगस्टमध्ये, पुन्हा एक वादळ समुद्रात फुगत होतं. शनिवारी दुपारी डेपोच्या ऑफिसातून फोन आला. "घरीच राहा, फोनपाशी. लोकांना बाहेर काढायला बसेस लागतील. कळवू." एलरेने "येस सर" म्हणून फोन ठेवला, आणि बायकोला, वर्डेलला, म्हणाला, "माझी ड्यूटी लागली."

संध्याकाळी त्याचा धर्मपुत्र डॅरियस आला. लहान पोरं, आणि गाडी बिघडलेली. एलरेला तो पॅरेन, म्हणजे धर्मबाप, म्हणायचा. तो म्हणाला, "पॅरेन, माझ्या पोरांना नेऊ कसं मी? तुम्ही तुमच्या गाडीत वर्डेलना आणि मिस ओडीलना घेऊन निघा, आमचं आम्ही बघू."

"माझी गाडी तू घेऊन जा," एलरे म्हणाला आणि गाडीची किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "मी काय, मागून बस घेऊनच येतो. अख्खी गल्ली भरून आणतो बघ."

त्याचा खरोखर विश्वास होता, हे लक्षात ठेवायला हवं. तो काही मोठेपणा मिरवत नव्हता.

रविवारी महापौरांनी टीव्हीवरून सांगितलं की सगळ्यांनी शहर सोडा. गाड्या होत्या ते गेले. आमच्या गल्लीत गाड्या होत्या किती? चर्चहून आलेली माणसं एकेक करून एलरेच्या ओट्यावर येऊन बसली, जवळ पिशव्या, औषधाच्या बाटल्या, कुणाच्या मांडीवर पिंजऱ्यासकट कोंबडी. एलरे आत फोनशी. दर थोड्या वेळाने रिसीव्हर उचलून कानाला लावायचा. फोन चालू होता.

मिस ओडील आरामखुर्चीत बसून वारा घेत होत्या. एलरेची आई गेल्यावर त्याच्या पानात वाढणारी ही बाई, तिला काही त्याची भीड नव्हती.

"बाळा," त्या म्हणाल्या, "फाटकाची किल्ली तुझ्या पट्ट्याला, बसची किल्ली तुझ्या पट्ट्याला, आणि बसणारे आम्ही इथं तयार. मग घोडं कुठं अडलंय?"

"फोन येईल, मिस ओडील. त्यांनी सांगितलंय."

"फोन करणारे कधीच मिसिसिपी ओलांडून गेले," हॉलिस म्हणाला. "तिकडं हॉटेलात पाय पसरून कोळंबी सोलत असतील. तू बस इथं नंबर लावून."

"ते कळवतात म्हणालेत, हॉलिस."

"अरे, ते चाळीस वर्षं कळवतायत." या वेळी हॉलिस चेष्टा करत नव्हता.

एलरे उठला आणि कालव्यावरच्या पुलावरून चालत डेपोला गेला. तिथे चिटपाखरू नव्हतं. बसेस एका रेषेत उभ्या, टाक्या भरलेल्या, कारण शुक्रवारी त्यानेच भरल्या होत्या. त्याने फाटक उघडलं. आपली बस सुरू केली. ती एका झटक्यात सुरू झाली. बस फाटकातून निम्मी बाहेर आली होती, नाक रस्त्यावर, तेवढ्यात कोपऱ्यावरून पोलिसांची गाडी वळली.

आत एक गोरा पोलीस होता, कोवळाच. गाडी हळू झाली. त्याने बसकडे पाहिलं, एलरेकडे पाहिलं. थांबला नाही, काच खाली केली नाही, काही विचारलं नाही. वादळाच्या आदल्या दिवशी त्याला दुसरी हजार कामं असतील. गाडी पुढे निघून गेली.

एलरेचा पाय ब्रेकवरून उठेना. बाजूच्या काचेतून त्याला पोलिसांची गाडी लहान होत जाताना दिसत होती, आणि ती आता वळून येईल, आता येईल, असं त्याला वाटत राहिलं. ती आली नाही. मग त्याने बस मागे घेतली, रेषेत नीट उभी केली, इंजिन बंद केलं, फाटकाला कुलूप लावलं आणि तो घरी आला. ओट्यावरच्यांना म्हणाला, "तिथं कुणी नाही. विचारणार कुणाला?" वर्डेलने त्याचा घामाने निथळणारा सदरा पाहिला, पण तिनेही विचारलं नाही. आमच्याकडे दर सोमवारी शिजतो तो राजमा ती भिजत घालत होती.

संध्याकाळी वारा सुटला तशी माणसं आपापल्या घरी गेली. मिस ओडील एलरेकडेच राहिल्या.

बांध फुटला तेव्हा पहाट होत होती. त्या पाण्याचं वर्णन मी करणार नाही. ज्यांनी पाहिलं ते करत नाहीत. माळ्यावर चढेपर्यंत घर पायावरून हललं. माळ्यावर कुऱ्हाड होती, बेट्सीनंतर आमच्या प्रत्येक माळ्यावर असते. एलरेने छत फोडलं आणि दोन बायांना वर ओढून घेतलं.

पहिल्या दिवशी मिस ओडील हेलिकॉप्टर दिसलं की हात हलवत होत्या. दुसऱ्या दिवशी शिव्या देत होत्या, आणि शिव्या त्यांना उत्तम येत. हेलिकॉप्टरं आमच्या डोक्यावरून कुठे कुठे गेली, कुणासाठी गेली, देव जाणे. छताचं डांबर पायाला चटके देत होतं, आणि खाली चहूकडे पाणी असून प्यायला घोटभर नव्हतं. वर्डेलने आपला झगा मिस ओडीलच्या डोक्यावर धरला. दुपारी कधीतरी त्या शिव्या द्यायच्या थांबल्या.

शेवटी नाव आली ती सरकारची नव्हती, पलीकडच्या गल्लीतल्या एका कोळ्याची होती. तिच्यात जिवंत माणसांनाच दाटी झाली होती. एलरेने चादरीने मिस ओडीलना छतावरच्या पाइपाला बांधलं, वाहून जाऊ नयेत म्हणून. गाठी मारताना तो त्यांची माफी मागत होता. वर्डेल म्हणाली, "चल," तरी तो आणखी एक गाठ मारत राहिला.

पुढचं साऱ्या जगाने टीव्हीवर पाहिलं. त्या मोठ्या सभागृहाबाहेर फुटपाथवर आम्ही कसे पडून होतो, म्हाताऱ्या खुर्च्यांतच कशा गेल्या, आणि अखेर मदत आली ती आमच्यावर बंदुका रोखून कशी आली. आम्ही तहानेने मरत होतो आणि बातम्या देणारे आम्हाला लुटारू म्हणत होते. तेच गोऱ्यांच्या वस्तीत झालं असतं तर? हा प्रश्न कुणी विचारला की अजूनही लोक म्हणतात, यात रंग आणू नका. आम्ही आणला नाही. तो घेऊनच जन्मलो.

एलरे आणि वर्डेलला कुठे नेतोय ते न सांगता एका बसमध्ये चढवलं आणि ह्यूस्टनला उतरवलं. तिथल्या दोन खोल्यांत महिनाभराने टीव्हीवर त्याचा डेपो दिसला. विमानातून घेतलेलं चित्र होतं. पाण्यात बुडालेल्या बसेसची पिवळी छतं, सगळी एका रेषेत. आणि एक मोठा साहेब सांगत होता की बसेस होत्या हो, पण चालवणार कोण? ड्रायव्हर सगळे आधीच पळून गेलेले.

एलरे उभा राहिला. तो बायकोला म्हणाला, "मी घरी होतो. मी फोनपाशी होतो." वर्डेल म्हणाली, "मला काय सांगतोस?" पण तो तेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. जेवताना म्हणाला, अंथरुणात म्हणाला, हॉलिस भेटला तर त्याला म्हणाला. हॉलिसही ह्यूस्टनलाच येऊन पडला होता, एका दुकानात झाडू मारत होता, त्याची थट्टा त्या पाण्यातच कुठेतरी राहिली होती. तो म्हणाला, "मला माहीत आहे रे. पण मला माहीत असून काय उपयोग?"

म्हणून सुनावणीची बातमी आली तेव्हा एलरेच्या अंगात पुन्हा जीव आला. वादळात काय चुकलं ते बघणारी सरकारी चौकशी समिती ह्यूस्टनला येणार होती, एका चर्चच्या हॉलमध्ये ज्याला बोलायचं त्याला बोलू देणार होती. त्याने कुणाचा तरी कोट मागून आणला. आरशासमोर वाक्यं घोकली. आम्ही पळालो नाही. आम्हाला थांबायला सांगितलं आणि बोलावलं नाही. एवढंच त्याला लिहून घ्यायला लावायचं होतं. सगळं गेलं होतं, निदान पळपुटा हा शब्द तरी अंगावरून निघावा, एवढी एकच गोष्ट त्याला हवी होती.

हॉल भरलेला होता. पहिल्या रांगेत मिस ओडीलची ग्वेंडोलिन होती, शिकागोहून आलेली. तिच्या आईचा देह तिला कित्येक आठवडे भटकून मिळाला होता. बोलणाऱ्यापुढे एक छोटा दिवा ठेवला होता. तो लाल झाला की थांबायचं.

एलरे नीट बोलला. आवाज कापला नाही. मग समितीतले एक गोरे गृहस्थ पुढे वाकले. अगदी सभ्य माणूस, "मिस्टर सेलेस्टिन, तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत," म्हणूनच त्यांनी सुरुवात केली.

"बस चालू स्थितीत होती?"

"येस सर."

"इंधन?"

"टाकी भरलेली होती."

"किल्ल्या?"

"माझ्याकडे होत्या. फाटकाचीसुद्धा."

"तुम्ही रविवारी डेपोकडे गेला होतात का?"

या प्रश्नाला नाही म्हणता आलं असतं. बस काढल्याचं त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, वर्डेललाही नाही. पण एलरे खोटं कधी बोलला नव्हता. तो म्हणाला, "गेलो होतो. बस फाटकापर्यंत काढली होती. मग परत लावली."

हॉलमध्ये कुणीतरी श्वास ओढला. वर्डेलने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, अनोळखी माणसाकडे पाहावं तसं.

"तुम्हाला कुणी अडवलं?" गृहस्थांनी विचारलं. "कुणी अधिकाऱ्याने, पोलिसाने?"

एलरेने तोंड उघडलं. त्याच्या डोळ्यांपुढे क्लोव्हिस होता, बर्फाचा ट्रक होता, आई होती, हळू झालेली आणि निघून गेलेली ती गाडी होती. चाळीस वर्षं कुणी कुणी त्याला अडवलं होतं हे सांगायला सुरुवात कुठून करायची तेच त्याला कळेना. दिवा लाल झाला.

"नाही सर," तो म्हणाला. "कुणी नाही."

"थँक यू," ते गृहस्थ म्हणाले, आणि शेजारच्या बाईंनी ते लिहून घेतलं. पळपुटा शब्द पुसायला गेलेला माणूस सरकारच्या हातात त्याहून सोयीचं काहीतरी देऊन खाली आला. मला त्या गृहस्थांचा राग येतो, एलरेचाही येतो, आणि मग कशाचाच धड येत नाही.

बाहेर अंगणात ग्वेंडोलिन त्याच्यापाशी आली. वर्डेल चार पावलं लांब उभी होती. एलरेने टोपी काढली. तो म्हणाला, "शिवी दे, थोबाडीत मार, काय करायचं ते कर."

तिने तसलं काही केलं नाही. ती दमलेली दिसत होती.

"मी रविवारी सकाळी आईला फोन केला होता, मिस्टर एलरे," ती म्हणाली. "म्हटलं, विमानाचं तिकीट काढते, कुणी विमानतळावर सोडतं का बघ, शेवटचं विमान अजून आहे. ती हसली मला. म्हणाली, पैसे कशाला घालवतेस, आपल्या एलरेकडे बस आहे."