पोरी बघून खेळ

पाटणी मॅडम नव्या मुलीला नाव नंतर विचारायच्या. आधी विचारायच्या, "घरी काय काम करती गं?"

मी घाबरत घाबरत सांगितलं, "कापूस वेचते. सुट्टीत."

"एका हातानं का दोन्ही?"

"दोन्ही."

"बराबर. मंग तू पुढं उभं राहायचं. समोरचीच्या हातातला बॉल बोंडातून कापूस काढल्यासारखा काढायचा. जल्दी. तिला कळायच्या आत."

बास्केटबॉल मी तोवर फक्त टीव्हीवर पाहिला होता. घनसावंगी तालुक्यातलं आमचं कॉलेज उसाच्या पट्ट्यात, आजूबाजूच्या गावांतून जीपने, एसटीने येणाऱ्या मुलींचं. मॅडम जालन्याहून यायच्या. जालन्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मारवाडी जैन घरातल्या. एकेकाळी विद्यापीठाच्या संघातून खेळलेल्या. चाळिशीच्या आसपास, ठेंगण्या, पंजाबी ड्रेसखाली पांढरे बूट, गळ्यात शिटी. लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणायच्या, "राहून गेलं," आणि शिटी वाजवायच्या.

आमचं मैदान मुरुमाचं होतं. चेंडू आपटला की कुठे उडेल याचा भरवसा नाही. त्यामुळे चेंडू आपटत पळायचंच नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. नुसते पास. शेळ्या राखणाऱ्या मंगलला त्यांनी समोरच्या खेळाडूची वाट अडवायला लावलं, कारण पळणाऱ्या शेळीच्या आधी वळणावर जाऊन उभं राहायची तिला सवय होती. डोक्यावर हंडे वाहणारी शोभा बास्केटखाली, कारण तिला धक्का दिला तरी ती हलत नसे. आम्ही सगळ्या बुटक्या. मॅडम म्हणायच्या, "उंची मी बाजारातून आणू शकत न्हाई. पण समोरच्या पोरींना तुमच्याइतकं खाली वाकायला लावू शकते. गुडघ्यात वाका. अजून वाका. खेळ पोरी बघून बसवायचा असतो, पुस्तक बघून न्हाई."

त्या वर्षी आम्ही समोरच्या संघाला मैदानभर पळवलं. चेंडू त्यांच्या हातात आला की आम्ही दोघी-तिघी अंगावर जायचो, त्या गोंधळल्या की मी चेंडू काढून घ्यायचे. शहरातल्या कॉलेजच्या मुली, त्यांचे एकसारखे बूट, आणि त्या आमच्याकडे अशा बघायच्या की ह्या आल्या कुठून? जिल्ह्यात आम्ही पहिल्या आलो. परतीच्या एसटीत मॅडम खिडकीशी बसून होत्या. आम्ही गाणी म्हणत होतो. मी म्हटलं, "मॅडम, पुढच्या वर्षी विद्यापीठ!" त्या हसल्या. म्हणाल्या, "पुढच्या वर्षी कोण कोण राहती, ते तर बघू."

तेव्हा मला ते बोलणं नीट कळलं नव्हतं. पुढच्या जूनमध्ये कळलं. मंगलचं लग्न उन्हाळ्यात झालं होतं. शोभाचंही. एक मुलगी नर्सिंगला पुण्याला गेली होती. आमचा पळायचा खेळ ज्यांच्या पायांवर होता, त्यातल्या निम्म्या उरल्या नव्हत्या.

आणि त्याच जूनमध्ये सुवर्णा आली.

जांबच्या पलीकडच्या एका वस्तीवरची. इतकी उंच मुलगी मी आमच्या भागात पाहिली नव्हती. कॉलेजचं फाटक ट्रक जाईल एवढं मोठं, तरी ती त्यातून मान खाली घालून यायची. वर्गात शेवटच्या बाकावर, फोटोत मागे, चालताना खांदे आत ओढलेले. मॅडमनी तिला व्हरांड्यात गाठलं.

"घरी काय काम करती?"

"समदंच."

"मान वर कर. अजून. उंचीची लाज वाटती का तुला?"

सुवर्णाने मान अर्धीच वर केली. मग हळूच म्हणाली, "घरचे म्हणतेत, बसून राहत जा."

"इथं उभं राहायचं. बिलकुल सरळ."

मॅडमनी सगळा खेळ बदलला. पळणं बंद. चेंडू हातात आला की थांबायचं, सुवर्णा बास्केटखाली पोचेपर्यंत पास फिरवत राहायचं आणि मग समोरच्यांच्या डोक्यावरून तिच्याकडे उंच टाकायचा. आम्हा जुन्या मुलींना ते मुळीच आवडलं नाही. मी बोलूनही दाखवलं, "मॅडम, आपला गेल्या वर्षीचा खेळ काय वाईट होता?"

"त्यो गेल्या वर्षीच्या पोरींचा व्हता," त्या म्हणाल्या. "त्यांच्याबरोबर गेला."

पावसाळा संपेपर्यंत आम्ही तेवढंच घोकत होतो. चेंडू समोरच्यांकडे असला की गुडघ्यात वाकून उभं राहणं मात्र सुवर्णालाही सुटलं नाही. सुवर्णाच्या हातातून आधी चेंडू निसटायचा, मग राहू लागला, मग एक दिवस तिने तो उडी न मारता नुसता वर ठेवल्यासारखा बास्केटमध्ये टाकला आणि स्वतःच खो-खो हसली. आम्ही तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं. दिवाळीपर्यंत ती फाटकातून सरळ मानेने येऊ लागली होती. मॅडम तिच्याकडे बघत उभ्या राहायच्या. एकदा माझ्याशी बोलता बोलता थांबून म्हणाल्या, "अगं वर्षे, मला जन्मात अशी पोरगी मिळाली न्हाई बघ."

सामने तोंडावर आले आणि सुवर्णा यायची थांबली. तिसऱ्या दिवशी निरोप आला, लग्न ठरलं. तारीख सामन्यांच्या आधीची.

मॅडम मला घेऊन तिच्या घरी गेल्या. जीपने जांबपर्यंत, पुढे पायी. सुवर्णाचे वडील ओसरीवर होते. त्यांनी आम्हाला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. चिडले नाहीत, आवाजही चढवला नाही. मॅडमनी मागितले ते फक्त आठ दिवस. लग्न करा, पण आठ दिवस पुढे घ्या.

"मॅडम, तुमचं समदं बराबर हाये," ते म्हणाले. "पोरगी तुमचं लई नाव काढती. पण उंचीपायी तीन ठिकाणचे पाव्हणे उठून गेले. एकानं तर तोंडावर सांगितलं, जोडा बरा दिसणार न्हाई. हे पहिलं घर हो म्हणून राह्यलं. मी आठ दिवस मागितले आन् त्यांनी समदंच मोडलं, तर तुमी काय करसाल?"

मॅडमनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

सुवर्णा चहा घेऊन आली. दाराची चौकट बुटकी होती, ती वाकून बाहेर आली आणि बाहेर आल्यावरही वाकलेलीच राहिली. मॅडमनी कप घेतला. "खुश आहेस ना?" एवढंच विचारलं. सुवर्णाने वडिलांकडे बघितलं आणि मान हलवली.

परत येताना मॅडम माझ्या पुढे पुढे चालत होत्या. जीप दिसू लागली तेव्हा म्हणाल्या, "बापाचं काही चुकत न्हाई गं. चुकत असतं तर भांडले असते."

लग्नाला आम्ही सगळ्या गेलो. नवरदेव सुवर्णाच्या खांद्याला लागत होता. तिच्या पायांत सपाट चपला होत्या, तरी फोटोग्राफरचं समाधान होईना. "नवरीबाई, जरा गुडघ्यात वाका," तो म्हणाला. "अजून थोडं. बस्स." ती वाकली आणि तशीच उभी राहिली, पाहुणे येत राहिले, फोटो निघत राहिले. गुडघ्यात वाकून न थकता उभं राहायला तिला मॅडमनीच शिकवलं होतं. मॅडम माझ्या शेजारी होत्या. त्यांनी नवरीच्या पदरात घालायचा आहेर माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तू दे. मी बाहेर थांबते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला मैदानावर बोलावलं. मी म्हटलं, "मॅडम, गेल्या वर्षीचा पळायचा खेळ परत काढू या."

"कुणाच्या पायांनी?" त्यांनी विचारलं.

मग त्यांनी तिसरा खेळ बसवला. चेंडू जास्तीत जास्त वेळ आपल्याकडे ठेवायचा, आपण बास्केट मारायच्या फंदात पडायचं नाही, समोरच्यांनाही मारू द्यायची नाही. "जिंकायचा खेळ न्हाई हा," त्या सरळ म्हणाल्या. "कमी हरायचा आहे. तुमची इज्जत राहील, एवढंच माझ्या हातात आहे."

तेही राहिलं नाही. पहिल्याच सामन्यात आम्ही इतक्या वाईट हरलो की शेवटी समोरच्या मुलींनीच खेळ सैल केला. त्यांची दया आमच्या लक्षात आली, ते सगळ्यात वाईट. सामना लांबला, दिवस मावळला. मॅडम सूर्यास्तानंतर काही खात नसत. आमच्यासाठी त्यांनी वडापाव मागवले, स्वतः डब्यातल्या खाकऱ्यांना हात न लावता आम्ही खाईपर्यंत बसून राहिल्या. कुणाला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढच्या वर्षी सरावाला आम्ही चौघी आलो. संघाला पाच लागतात. मॅडम वर्गावर्गांत फिरल्या, मुलींना विनवलं, एकीच्या भावाला भेटायला थेट अंतरवालीला गेल्या. तो म्हणाला, हाफ पँट घालून पोरगी खेळणार न्हाई. पूर्ण पँट घालून खेळेल, मॅडम म्हणाल्या. तरी नाही. नाव नोंदवायची मुदत टळून गेली, तरी त्या आम्हा चौघींना रोज खेळवत होत्या. कशासाठी, ते आम्ही विचारलं नाही. मग माझंही ठरलं. मी सांगायला गेले तेव्हा त्या चेंडूत हवा भरत होत्या. "चांगले आहेत ना लोक?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्या पंप मारत राहिल्या.

त्यांची नेमणूक तासिकेवरची, दर वर्षी नव्याने व्हायची. त्या वर्षानंतर झाली नाही. प्राचार्यांनी त्यांना दार लावून, चांगल्या शब्दांत सांगितलं म्हणे, टीमच नाही तर मॅडम, मी तरी काय करू?

लग्न करून मी जालन्यात आले. मी खेळायचे हे सासरी कुणाला ठाऊक नव्हतं. बोलणी चालली होती तेव्हा वडिलांनीच बजावलं होतं, तो विषय काढायचा नाही. पुढे कधी काढावा असा प्रसंग आला नाही.

एक दिवस सासूबाईंबरोबर कापड घ्यायला बाजारात गेले. दुकानात गादीवर मॅडम बसलेल्या होत्या. भावाचं दुकान. शिटी नाही, बूट नाहीत, साडी नेसलेल्या, हातात मीटरची पट्टी. केस बरेच पिकले होते. मला पाहून त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अगं वर्षे!"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "ओळखता का हिला?"

"माझ्या कॉलेजात व्हती," मॅडम म्हणाल्या.

"अस्सं? तुम्ही शिकवायच्या? काय शिकवायच्या?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. माझा पदर डोक्यावर होता, हातात सासूबाईंची पिशवी होती. मॅडमना पोरगी बघायला फार वेळ लागला नाही, कधीच लागायचा नाही.

"हिंदी," त्या म्हणाल्या.

"तरीच," सासूबाई खूश झाल्या. "हिचं हिंदी लई चांगलं हाये."

"हुशार व्हती," मॅडम म्हणाल्या आणि सासूबाईंसमोर कापडाचा तागा उलगडला. "हा रंग बघा. धुतला तरी बिलकुल जाणार न्हाई."